आजा कागदात सापडावा लागतो!

आदिवासी नसताना आदिवासी म्हणवून घेणारे, आणि आदिवासी असूनही कागद नसणारे

तलवाडा (ता. गेवराई) : सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात जुन्या कागदांना एकदम भाव आला. वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली दप्तरे उघडली गेली. निजामाच्या अमलातली उर्दू पाने, मोडीतले उतारे, खासरा पत्रक, १९५१ ची राष्ट्रीय नोंदवही, शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर असे सगळे बाहेर आले. आपला आजा कोण, पणजा कोण, त्याच्या नावापुढे काय लिहिले आहे, हे शोधायची सवय घराघराला लागली. त्वरिता देवीच्या तलवाड्यापासून पार किनवटपर्यंत हीच चर्चा.

ती शोधाशोध कुणबी नोंदींची होती. तो विषय वेगळा आहे, त्यात आज शिरायचे नाही. पण वंशावळीची ही चर्चा चालू असताना एक जुना प्रश्न मागे पडतो आणि तो जास्त गंभीर आहे. आदिवासी नसलेल्या माणसाने ‘माझा आजा आदिवासी होता’ असे सांगून आदिवासींची जागा घ्यायची, मग ती शाळेतली असो, नोकरीतली असो की निवडणुकीतली. हा दावा खरा की खोटा, हे शेवटी ठरते कशावर? आणि त्यात गावच्या दप्तराचा हात किती? शेतकरी बांधवांनी आणि गावकामगारांनी, दोघांनीही हे समजून घेण्यासारखे आहे.

यादीत काय लिहिले आहे

अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाली. तेव्हा बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या यादीत भिल्ल, आंध, गोंड, कोलाम, कोया, परधान, थोटी अशी मोजकीच नावे होती. आजच्या महाराष्ट्राच्या यादीतही ‘थोटी’ या जमातीपुढे कंसात जिल्ह्यांची नावे आहेत आणि त्यात आपल्या बीडचे नाव आहे. म्हणजे बीडचा या यादीशी संबंध नाही असे म्हणता येत नाही. मात्र २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण शंभरात दोनसुद्धा नाही. जे थोडे आहेत त्यांचा आवाज त्यामुळेच लहान आहे.

यादीचा मूळ मुद्दा असा, की ती लिहिल्याप्रमाणेच वाचायची. शब्द वाढवायचा नाही, ओढूनताणून अर्थ लावायचा नाही. यादीत बदल करायचा अधिकार राज्यघटनेच्या ३४२ व्या कलमाप्रमाणे फक्त संसदेला आहे. तहसीलदाराला नाही, मंत्र्याला नाही, कोर्टालासुद्धा नाही.

नाव सारखे, माणूस वेगळा

घोटाळा होतो तो नावाच्या साम्यामुळे. उदाहरणे बघा.

यादीत ‘कोळी महादेव’ आहे, ‘कोळी मल्हार’ आहे, ‘टोकरे कोळी’ आहे. नुसता ‘कोळी’ नाही. नदीकाठी पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारा, पाणी भरणारा कोळी समाज निराळा आणि सह्याद्रीच्या डोंगरातला महादेव कोळी निराळा. यादीत ‘ठाकूर, ठाकर, क ठाकूर, म ठाकूर’ आहे. पण ठाकूर ही पदवीही आहे आणि आडनावही. भाटांमध्ये ठाकूर आहेत, राजपुतांमध्ये आहेत. यादीत ‘हलबा’ आहे. विदर्भातले विणकर कोष्टी स्वतःला हलबा-कोष्टी म्हणवतात. यादीत ‘कोलाम, मन्नेरवारलू’ आहे. नांदेडकडे मुन्नूरवार आहेत. एखाददुसऱ्या अक्षराचा फरक, पण समाज वेगळा.

यातल्या कोळी, कोष्टी, मुन्नूरवार, गोवारी या समाजांची गरिबी खोटी नाही. म्हणून तर सरकारने त्यांच्यासाठी विशेष मागास प्रवर्ग हा २ टक्क्यांचा वेगळा गट केला. गोवारींची गोष्ट तर काळीज पिळवटणारी आहे. यादीत ‘गोंड गोवारी’ असे लिहिले आहे, ते ‘गोंड’ आणि ‘गोवारी’ असे दोन धरावेत म्हणून हा गुराखी समाज २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेला. चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दोन शब्दांमध्ये स्वल्पविराम आहे की नाही, एवढ्यावर एका समाजाचे भवितव्य लटकले होते.

१९७६ ला दार उघडले

पूर्वी या यादीला हद्द होती. महादेव कोळी किंवा ठाकूर हे ठराविक जिल्ह्यांत, ठराविक तालुक्यांतच अनुसूचित जमात धरले जात. त्या हद्दीबाहेर गेलेल्या खऱ्या आदिवासीवर त्यामुळे अन्याय होई. डोंगर उतरून पोटासाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेला की तो कागदावर आदिवासी राहत नसे. हा अन्याय दूर करण्यासाठी संसदेने १९७६ मध्ये कायदा करून राज्यातली ही हद्द बहुतेक जमातींसाठी उठवली.

हेतू चांगला होता. पण त्याच दारातून दुसरेही आत आले. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आदिवासी २९ लाख ५४ हजार होते. १९८१ मध्ये तो आकडा ५७ लाख ७२ हजारांवर गेला. यातले पुष्कळसे हद्द उठल्यामुळे मोजले गेलेले खरे आदिवासी असणार, हे मान्य. पण सगळी वाढ तेवढ्याने होत नाही. दहा वर्षांत दुप्पट व्हायला काही नुसता जन्मदर पुरत नाही! पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक राहिलेले, स्वतः महादेव कोळी असलेले डॉ. गोविंद गारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी आदिवासी जमातींची माहिती बारकाईने लिहून ठेवली. देव कोणते, लग्न कसे लागते, मयताला काय करतात, कुळी कोणत्या, हे सगळे नोंदले गेले. पुढे दावे तपासताना असल्याच माहितीचा उपयोग होऊ लागला.

कोर्टाने काय ठरवले

या विषयातले चार निकाल गावपातळीवरच्या माणसालाही ठाऊक असावेत.

पहिला, २ सप्टेंबर १९९४ चा माधुरी पाटील खटला. महादेव कोळी असल्याचा दावा होता आणि जुन्या नोंदी हिंदू कोळी सांगत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने पंधरा सूचना दिल्या. त्यातूनच तपासणी समित्या आणि गावात जाऊन चौकशी करणारे दक्षता पथक यांची पद्धत पक्की झाली.

दुसरा, २८ नोव्हेंबर २००० चा मिलिंद खटला. हलबा-कोष्टी म्हणजे हलबा नव्हे, यादीत जे लिहिले तेच धरायचे, असे पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले. त्या डॉक्टरची झालेली पदवी काढून घेतली नाही, पण यापुढे आदिवासी म्हणून सवलत नाही, असे बजावले.

तिसरा, ६ जुलै २०१७ चा. दावा खोटा ठरला तर ‘इतकी वर्षे नोकरी केली, आता राहू द्या’ हे चालणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतर आदिवासींच्या जागा अडवून बसलेल्या कर्मचाऱ्यांचे करायचे काय, हा प्रश्न राज्य सरकारपुढे आला. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना ‘अधिसंख्य’ पदांवर टाकण्याचा निर्णय झाला. आदिवासी संघटनांच्या आंदोलनांत साडेबारा हजार पदांचा आकडा सतत येतो, तो या जागांचा. या जागा रिकाम्या करून खऱ्या आदिवासी मुलांनी भरा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

चौथा निकाल २४ मार्च २०२३ चा, ठाकूर जमातीच्या संघटनेच्या प्रकरणातला. देव, रीतिरिवाज, बोली यांची परीक्षा ही एकमेव कसोटी नव्हे, असे न्यायालय म्हणाले. शिकलेल्या, शहरात वाढलेल्या आदिवासी मुलाला जुन्या चालीरीती माहीत नसतील, म्हणून तो आदिवासी नाही असे होत नाही. राज्यघटना येण्याच्या आधीचा कागद सगळ्यात वजनदार. आणि रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र नीट चौकशी होऊन मिळालेले असेल, तर त्याचाही आधार घेता येतो.

इथे एक गोम आहे. एका भावाने खोटेपणाने प्रमाणपत्र मिळवले आणि ते कुणी तपासले नाही, तर त्याच्या आधारावर पुतण्या, पुतणी, चुलतभाऊ, सगळी भावकी आदिवासी होऊन जाते. शेतात एका बांधावरची हराळी जशी बघता बघता वावरभर होते, तसेच. म्हणून पहिला कागद खरा असणे महत्त्वाचे.

खुर्चीचा मोह

राज्याच्या विधानसभेत २८८ पैकी २५ आणि लोकसभेच्या ४८ पैकी ४ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. खालच्या स्तरावर जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायतीतही राखीव जागा असतात. जागा राखीव निघाली की गावात उमेदवाराची शोधाशोध सुरू होते आणि कुणाचा तरी आजा अचानक आदिवासी निघतो. असा अनुभव नसलेला तालुका विरळाच.

मोठ्या पुढाऱ्यांवरही ही वेळ आली आहे. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा या राखीव मतदारसंघातून २०१९ मध्ये निवडून आलेल्या लता सोनवणे यांचा टोकरे कोळी असल्याचा दावा तपासणी समितीने अवैध ठरवला. जून २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयातही त्यांना दिलासा मिळाला नाही. उलट उदाहरणही आहे. अमरावतीच्या तत्कालीन खासदार नवनीत राणा यांचे प्रमाणपत्र अनुसूचित जातीचे. जून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले, पण एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध धरले. म्हणून कुणावर आरोप झाला की लगेच ‘बोगस’ म्हणून मोकळे होऊ नये. शेवटचा निकाल येईपर्यंत थांबावे.

साता समुद्रापलीकडे हेच

हे आपल्याकडेच चालते असे नाही. अमेरिका आणि कॅनडात तिथले मूळ रहिवासी आहेत. त्यांची जमीन गेली, भाषा गेली, मुले जबरदस्तीने निवासी शाळांत नेली गेली. तिथे गेली काही वर्षे लेखक आणि कलावंतांच्या वंशावळी तपासल्या जात आहेत.

‘ग्रे आउल’ या नावाने कॅनडात एक लेखक फार गाजला. आई अपाची जमातीची होती असे तो सांगे. १९३८ मध्ये तो वारला आणि तो इंग्लंडात जन्मलेला आर्चिबाल्ड बेलेनी नावाचा गोरा माणूस असल्याचे उघड झाले. जोसेफ बॉयडन या कादंबरीकाराच्या दाव्यावर २०१६ मध्ये प्रश्न उभे राहिले. बफी सेंट-मेरी या नावाजलेल्या गायिकेबद्दल २०२३ मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीने जन्माचे कागद पुढे आणले. पुढे तिचा राष्ट्रीय सन्मानही काढून घेण्यात आला.

थॉमस किंग यांची गोष्ट जरा वेगळी आहे. आपल्या घराण्यात चेरोकी रक्त आहे असे त्यांनी लहानपणापासून घरात ऐकले होते. त्यावर त्यांनी जन्मभर विश्वास ठेवला आणि त्याच नात्याने पुस्तके लिहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशी वर्षांनंतर, वंशावळ तपासली गेली तेव्हा त्यात चेरोकी कुणी सापडले नाही. ते त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगून टाकले. म्हणजे प्रत्येक चुकीचा दावा ही ठरवून केलेली लबाडी असतेच असे नाही. घरात आजीने सांगितलेली गोष्ट माणूस खरी धरून चालतो. पण गोष्ट घरात सांगणे वेगळे आणि तिच्या जोरावर दुसऱ्याची जागा घेणे वेगळे.

मराठीत लेखकांच्या बाबतीत असले वाद फारसे गाजले नाहीत. भिल्ल समाजातले वाहरू सोनवणे, गोंड समाजातले भुजंग मेश्राम यांनी आपल्या माणसांचे जगणे मराठी कवितेत आणले. त्यांना आदिवासी म्हणवून घेतल्याने काही घबाड मिळाले नाही. आपल्याकडे दावे होतात ते जिथे लाभ आहे तिथे, म्हणजे मेडिकलच्या जागेत, नोकरीत आणि खुर्चीत.

मागणी वेगळी, थाप वेगळी

एक फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. एखाद्या समाजाने ‘आम्हाला यादीत घ्या’ असे उघडपणे म्हणणे हा त्यांचा लोकशाही हक्क आहे. बंजारा समाजाची मागणी अशीच आहे. तेलंगणात लंबाडा समाज १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातीत गेला. तोवर मराठवाडा १९५६ मध्ये हैदराबादपासून तुटून मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला होता. त्यामुळे एकाच निजामी राज्यातल्या दोन तांड्यांतले सोयरे. एक आज तिकडे अनुसूचित जमात, दुसरा इकडे विमुक्त जाती. सप्टेंबर २०२५ मध्ये बीडला बंजारा समाजाचा मोठा मोर्चा निघाला तो याच मुद्द्यावर. धनगर समाज यादीतल्या ‘धनगड’ या शब्दावर लढतो आहे. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांची याचिका फेटाळली. आदिवासी संघटनांचा या दोन्ही मागण्यांना विरोध आहे, कारण राज्यातल्या ७ टक्क्यांत वाटेकरी वाढतील ही त्यांची भीती. वाद आहे, पण तो उजेडात आहे. त्याचा निकाल संसदेत लागायचा. त्याला थाप म्हणता येणार नाही.

थाप ती, जी अंधारात चालते. रजिस्टरमध्ये ‘कोळी’च्या मागे वेगळ्या शाईने ‘महादेव’ घुसवणे, दुसऱ्याचा आजा आपला म्हणून दाखवणे, वंशावळीत एक नाव मध्येच पेरणे.

ज्याचा आजा खरा, त्याच्याकडे कागद नाही

आता या गोष्टीतली सगळ्यात कडू बाब. आपल्या जिल्ह्यात पारधी आहेत. पारधी आणि फासेपारधी दोन्ही नावे यादीत स्पष्ट आहेत. त्यांच्या आदिवासी असण्याबद्दल गावात कुणाला शंका नाही. उलट गावात चोरी झाली की पहिली आठवण त्यांचीच निघते! इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. मनातून अजून पुसला गेला नाही.

पण याच पारध्याच्या पोराला प्रमाणपत्र काढायचे म्हटले तर पंचाईत. आजा पालात जन्मला, पालातच मेला. शाळेत गेला नाही, तर प्रवेश-निर्गम रजिस्टरला नाव कुठून येणार? जमीन नाही, तर सातबारा नाही, खासरा पत्रकात नाव नाही. ६ सप्टेंबर १९५० ला कुठे राहत होता, विचारलं तर काय सांगणार? “साहेब, फिरतीवर होतो” हे उत्तर फॉर्ममध्ये बसत नाही. ज्याच्या घराण्यात चार बुके होती तो नाव शोधून, प्रसंगी घुसवून, आदिवासी होतो. आणि जो जन्माने आदिवासी आहे तो दाखल्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेर उन्हात बसतो. खोट्या दाव्याने जागा तर जातेच. शिवाय खोट्यांमुळे तपासणी कडक होते आणि तिचा काच खऱ्यालाच बसतो.

गावकामगारांनी काय करावे

राज्याचा जात प्रमाणपत्राचा कायदा २००१ चा २३ वा. त्याच्या ८ व्या कलमाप्रमाणे दावा सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे. दावा खोटा ठरला तर १० व्या कलमाने मिळालेले लाभ जातात. खोटे प्रमाणपत्र मिळवणाऱ्याला ११ व्या कलमाप्रमाणे सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी, किंवा २ हजार ते २० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. जाणूनबुजून खोटे प्रमाणपत्र देणारा अधिकारी आणि त्याला मदत करणाराही शिक्षेतून सुटत नाही. राखीव जागेवर निवडून आलेल्या सदस्याने ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र दिले नाही, तर त्याचे पद जाते.

म्हणून मुख्याध्यापकांनी जुन्या रजिस्टरला कुणालाही हात लावू देऊ नये. नक्कल द्यावी, मूळ पान कपाटाबाहेर जाऊ नये. फाटकी रजिस्टरे असतील त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. तलाठी आणि ग्रामसेवकांनी वंशावळीवर सही करताना गावातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारावे. ‘आपलाच माणूस आहे, लिहून टाका’ असे म्हणणारा पुढारी नंतर चौकशीच्या वेळी जवळ फिरकत नसतो. पोलीस पाटलांनी आणि सरपंचांनी दक्षता पथक गावात आले तर माहीत आहे तेवढेच सांगावे. ना वाढवून, ना दडवून.

आणि पालावरच्या माणसाला दारातून परत पाठवू नये. मूल शाळेत घालतानाच त्याच्या जमातीची नोंद नीट, पूर्ण आणि यादीतल्या शब्दात करावी. जन्माची नोंद त्याच वेळी करावी. आजचा हा कागद उद्या त्याच्या नातवाचा पुरावा होणार आहे. निजामाच्या काळात कुणीतरी कारकुनाने नीट अक्षरात एक ओळ लिहिली, म्हणून आज हजारो घरांना आपला आजा सापडला. पारध्याच्या घरासाठी ती ओळ अजून कुणी लिहिलेली नाही. ती लिहायचे काम आजच्या गावकामगाराचे आहे, आणि त्याला कुठल्याही कोर्टाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.